वाचकांचे प्रश्न : अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की बंद पडणारे इंजिन

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकत्र घेतली आहेत, कारण चौघांची तक्रार वरवर पाहता सारखी आहे : गाडी रस्त्याने धावते, पण पाय काढला, गाडी थांबत आली किंवा जागेवर उभी राहिली, की इंजिन बंद पडते. कारणे मात्र सगळीकडे एकच नाहीत, आणि ती ओळखण्याची खूण बहुतेक पत्रांत कुठे ना कुठे लिहिलेली आहे.

प्रश्न : माझ्याकडे २०१४ सालची पेट्रोलवर चालणारी हॅचबॅक असून ती ८२,००० किलोमीटर चालली आहे. गेले तीन महिने गाडी हळू करून क्लच दाबला, की इंजिनाचा आवाज खोल जातो, आरपीएमचा काटा ५०० च्या खाली येऊन थरथरतो आणि इंजिन बंद पडते. चावी फिरवली की लगेच सुरू होते. एसी चालू असेल तर हे हमखास घडते. धोपाव्याच्या जेटीवर फेरीबोटीत गाडी चढवताना ती दोनदा मधोमध बंद पडली आणि मागच्या लोकांना उतरून ढकलावी लागली. चिपळूणपर्यंतच्या प्रवासात किंवा परशुराम घाट चढताना काहीही त्रास होत नाही. ‘चेक इंजिन’चा दिवा लागत नाही. गॅरेजमध्ये आधी प्लग आणि मग पेट्रोलचा पंप बदलला. ११,००० रुपये खर्च झाले. आता ईसीएम (इंजिनाचा कारभार पाहणारा संगणक) बदलावे लागेल असे सांगतात. जूनच्या अखेरीस नवी बॅटरी घातली, त्याखेरीज गाडीत काही बदल केलेला नाही. ईसीएम बदलावे का?
— एक वाचक, गुहागर तालुका

उत्तर : इतक्यात मुळीच बदलू नये. आपण पत्र फार नेमके लिहिले आहे आणि निदानाचा बहुतेक भाग त्यातच आलेला आहे. तो वाचूनही कोणी ईसीएमपर्यंत पोहोचावे याचे मला वाईट वाटते, कारण हा गाडीतला सर्वांत महाग सुट्या भागांपैकी एक आहे आणि एकदा विकत घेतला की तो सहसा परत घेतला जात नाही.

प्रथम पंपाविषयी. इंजिनाला सर्वांत जास्त पेट्रोल लागते ते घाट चढताना, आणि सर्वांत कमी लागते ते जागेवर उभे असताना. पंप खरोखर कमजोर झाला असता, तर गाडीने परशुराम घाटात दम टाकला असता आणि जेटीवर ती मुकाट्याने चालली असती. आपल्याकडे नेमके उलट घडते आहे. प्लगचेही तसेच आहे : ठिणगी कमजोर असेल तर चढावर, वरच्या गिअरमध्ये दाब पडताच इंजिन मिसिंग करू लागते आणि गाडी झटके देते. तेव्हा बदललेले दोन्ही भाग पहिल्यापासूनच संशयाच्या बाहेर होते.

मग जे बिघडले आहे ते केवळ पाय काढल्यावरच दिसते, असे का? पेट्रोल इंजिन थ्रॉटल बॉडीतून श्वास घेते. या नळीत धातूची एक गोल चकती आडवी बसवलेली असते. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की ती फिरून वाट मोकळी करते आणि पाय काढला की जवळजवळ मिटते. मिटलेल्या चकतीच्या कडेने जी थोडीशी हवा शिरते, किंवा जुन्या पद्धतीच्या गाड्यांत शेजारच्या बारीक वाटेने आयडलची (पाय काढल्यावर इंजिन ज्या संथ गतीने फिरत राहते तिची) छोटी मोटर जी हवा सोडते, तेवढ्यावरच इंजिनाला मिनिटाला साधारण ७५० ते ८५० फेरे घ्यायचे असतात. इंजिनाच्या पोटातली तेलकट वाफ पुन्हा याच वाटेने आत ओढली जाते, तिच्यात धूळ मिसळते आणि चकतीच्या कडेला काळे, चिकट कडे धरू लागते. आपल्याकडच्या जांभ्याच्या रस्त्यांवरची तांबडी धूळ किती बारीक असते हे मी सांगायला नको. एअर फिल्टर वेळेवर बदलला नाही किंवा त्याचे झाकण नीट बसले नाही, की ती तिथपर्यंत पोहोचते. हायवेवर चकती चांगली उघडलेली असते, त्यामुळे या थराचा काहीच परिणाम जाणवत नाही. पाय काढला, की उरलेली केसाएवढी फट त्या थराने बुजलेली असते आणि इंजिन गुदमरते.

आता आपले शेवटचे वाक्य, बॅटरीचे. माझ्या मते साऱ्या पत्रात तेच सर्वांत मोलाचे आहे. थ्रॉटलवर काजळी एका दिवसात धरत नाही, तिला वर्षे लागतात. आणि ईसीएम तेवढी वर्षे ती सांभाळून घेत असते. वाट जसजशी अरुंद होते, तसतशी ती चकती किंवा मोटर थोडी अधिक उघडी ठेवते आणि हा हिशेब स्मरणात साठवते. अनेक गाड्यांत बॅटरीची तार काढली, की हे साठवलेले पुसले जाते आणि ईसीएम कोऱ्या थ्रॉटलच्या मूळ हिशेबावर परत येते. काजळी मात्र जिथल्या तिथेच असते. म्हणून काल ठीक असलेली गाडी बॅटरी बदलल्यावर बंद पडू लागते आणि मालकाला वाटते की नवी बॅटरीच सदोष आहे. दिवा न लागणे हेही याच्याशी जुळते, कारण नुसत्या काजळीने पुष्कळदा कोणताही कोड (ईसीएम साठवते तो दोषाचा क्रमांक) नोंदला जात नाही.

हे माझे अनुमान झाले. ते आपण घरच्या अंगणातच तपासून पाहू शकता. इंजिन पूर्ण गरम होऊ द्यावे, गाडी न्यूट्रलमध्ये आणि हँडब्रेकवर ठेवावी, एसी चालू करावा आणि अ‍ॅक्सिलरेटरवर अगदी हलका पाय ठेवून काटा १,२०० वर धरावा. तिथे इंजिन न हलता, न थरथरता, एका सुरात चालले, तर पेट्रोल आणि ठिणगी दोन्ही ठीक आहेत. उणीव फक्त हवेची आहे आणि ती आपल्या पायाने भरून निघते आहे. पायाने धरूनही इंजिन हादरत राहिले, तर मात्र माझे अनुमान चुकले असे समजावे आणि कॉइल (ठिणगीसाठी वीज देणारी), इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा) व कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) या दिशेने तपास करावा.

दुसरी परीक्षा एसीची. पाय काढून एसी चालू करावा. कॉम्प्रेसर लागल्याचा ‘टक’ असा आवाज येतो, काटा क्षणभर खाली झुकतो आणि निरोगी गाडीत लगेच पूर्वीच्या जागी किंवा थोडा वर येऊन स्थिरावतो, कारण ईसीएमकडे जादा हवा सोडायला वाव शिल्लक असतो. आपल्या गाडीत तो वाव संपला आहे, म्हणून झुकलेला काटा परत येत नाही.

जेटीच्या उतारावर काय होते, हे यावरून ध्यानात येईल. तिथे पाय काढलेला असतो, एसी चालू असतो आणि बोटीत नेमके शिरण्यासाठी स्टिअरिंग जवळजवळ जागेवर फिरवावे लागते. स्टिअरिंग हायड्रॉलिक असेल तर त्याचा पंप इंजिनावर ओझे टाकतो. इलेक्ट्रिक असेल तर त्या क्षणी ते मोठा विद्युतप्रवाह ओढते आणि ते ओझे वीज तयार करणाऱ्या आल्टरनेटरमार्फत इंजिनावरच येते. तिन्ही गोष्टी एकाच वेळी घडतात अशी दुसरी जागा रोजच्या प्रवासात क्वचितच असते. दुरुस्ती होईपर्यंत रांगेत असतानाच एसी बंद करावा आणि बोटीवर चढताना पहिल्या गिअरमध्ये क्लच पूर्ण न दाबता गाडी हळू आत घ्यावी.

इथे आणखी एका गोष्टीचा संशय दूर केल्याशिवाय पुढे जाऊ नये, आणि ती आपल्या किनाऱ्याची खास आहे : अर्थिंग. बॅटरीच्या निगेटिव्ह टोकापासून बॉडीला आणि इंजिनाला जाणाऱ्या जाड तारा वरून धडधाकट दिसतात, पण खाऱ्या हवेत त्यांचा घात आतून होतो. काही वर्षांपूर्वी हर्णै बंदरावर रोज ये-जा करणारी एक गाडी माझ्याकडे आली होती. सेन्सर बदलून झाले होते, थ्रॉटल साफ झाले होते, तरी रात्री दिवे लावले आणि ब्रेक दाबला की इंजिन बंद पडत असे. अर्थची तार हातात धरून वाकवली तेव्हा ती जिथे लवचीक असायला हवी तिथे कडक लागली. वरचे काळे आवरण ब्लेडने उभे चिरले, तर आत तांब्याच्या जागी हिरवट भुकटी होती. ती बोटाला लागून निघाली आणि शाबूत राहिलेल्या तारा मोजून सात-आठ होत्या. एक नवी तार टाकली आणि गाडी बरी झाली. तेव्हापासून किनाऱ्यावरच्या गाडीचे बॉनेट उघडले, की मी आधी अर्थ पाहतो.

ही तपासणी साध्या मल्टीमीटरने होते. तो डीसी व्होल्टवर ठेवून एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटाला लावावे, क्लॅम्पला नव्हे, कारण खुंट आणि क्लॅम्प यांच्यामधला गंजही आपल्याला मोजायचा असतो. दुसरे टोक इंजिनाच्या उघड्या, स्वच्छ धातूला लावावे. इंजिन चालू, मोठे दिवे, पंखा आणि एसी चालू, अशा स्थितीत काटा किंवा आकडा ०.१ व्होल्टच्या वर जाऊ नये. स्टार्टर फिरवतानाही तो ०.३ च्या आत राहावा. त्याहून अधिक आल्यास तार बदलावी, आणि बोल्टखालची जागा रंग व गंज जाईपर्यंत घासून, जोडणी घट्ट केल्यावर वरून ग्रीस लावावे. याच वेळी बॅटरीच्या दोन खुंटांमधला दाबही मोजावा. इंजिन चालू असताना तो सामान्यतः १३.५ ते १४.५ व्होल्ट असतो. आयडलला दिवे लावताच तो १२.५ च्या खाली येत असेल, तर आल्टरनेटर, त्याचा पट्टा आणि जोडण्या पाहाव्यात.

अर्थ निर्दोष निघाला, तर थ्रॉटल बॉडी साफ करून घ्यावी. हे काम तासाभराचे आहे, पण ते कसे होते यावर आपण स्वतः उभे राहून लक्ष ठेवावे असे मी आग्रहाने सांगेन. थ्रॉटल बॉडी क्लीनर कापडावर मारून चकतीच्या दोन्ही बाजू आणि तिची कड पुसावी. पान्याने, ब्लेडने किंवा पॉलिश पेपरने खरवडू नये, कारण काही गाड्यांत तिथे कारखान्यातच एक पातळ लेप दिलेला असतो. चकती केबलने उघडणारी असेल तर हाताने फिरवण्यास हरकत नाही. इलेक्ट्रॉनिक असेल तर ती बोटाने जबरदस्तीने उघडू नये, आतले प्लॅस्टिकचे दाते तुटतात. आयडलची मोटर वेगळी असेल, तर ती काढून तिचे टोक आणि ते बसते ती जागा पुसावी, पण टोक ओढून बाहेर काढू नये. आणि चकतीला टेकणारा जो बारीक स्क्रू असतो, त्याला कोणालाही हात लावू देऊ नये. तो फिरवला की आयडल लगेच चढते आणि काम झाल्यासारखे दिसते. परंतु ईसीएमचा सारा हिशेब त्या स्क्रूच्या मूळ जागेवर उभा असतो आणि नंतर स्कॅनरने (ईसीएममधली माहिती वाचणाऱ्या यंत्राने) तो दोष सहजासहजी उघड होत नाही.

साफसफाईनंतर पहिल्या दिवशी आयडल १,००० ते १,२०० वर राहिले तर घाबरू नये. ईसीएमने शिकलेले पुन्हा शिकावे लागते. बहुतेक गाड्यांत दिवे, पंखा, एसी बंद ठेवून इंजिन सुरू करावे, रेडिएटरचा पंखा लागून बंद होईपर्यंत तसेच चालू द्यावे आणि मग काही मिनिटे एसी लावावा, एवढे पुरते. काही गाड्यांना मात्र स्कॅनरमधूनच ही सूचना द्यावी लागते.

स्कॅनर लावलाच, तर कोड नाही म्हणून तो लगेच काढून ठेवू नये. साफसफाईच्या आधी आणि नंतर, आयडलला थ्रॉटल किती उघडे आहे हा आकडा लिहून घ्यावा. तो लक्षणीय उतरला तर दोष सापडल्याचा पुरावा आपल्या हाती येतो. कोड निघालाच तर बहुधा पी०५०६ निघेल. आयडल अपेक्षेपेक्षा कमी आहे, एवढाच त्याचा अर्थ. कोणता भाग बदलावा हे तो सांगत नाही. ईसीएमचा विचार या सगळ्यानंतर, म्हणजे मोटर स्वच्छ व चांगली आहे, तिच्यापर्यंतच्या तारा शाबूत आहेत आणि तरीही ईसीएमकडून तिला हुकूमच येत नाही, हे मोजून दिसल्यावर करावा.

प्रश्न : माझी पेट्रोल सेडान सकाळी कितीही वेळ उभी ठेवली तरी चालू राहते. मालवणहून कुडाळला जाऊन स्टेशनबाहेर थांबलो, की दोन-चार मिनिटांत इंजिन दिवा विझावा तसे बंद होते. त्यानंतर वीस-पंचवीस मिनिटे स्टार्टर फिरतो पण गाडी सुरू होत नाही. मग एकाएकी सुरू होते. थ्रॉटल साफ करून झाले आहे.
— एक वाचक, मालवण

उत्तर : आपला दोष वरच्या दोषापेक्षा निराळा आहे. हवा कमी पडते तेव्हा इंजिन थरथरत, गचके खात बंद पडते आणि लगेच पुन्हा सुरू होते. आपले इंजिन कोणतीही पूर्वसूचना न देता थांबते आणि थंड झाल्यावरच उठते. ही चाल विजेच्या दोषाची आहे. माझा पहिला संशय क्रँकशाफ्ट सेन्सरवर आहे. इंजिनाचा दांडा कोणत्या क्षणी कुठे आहे हे ईसीएमला या सेन्सरवरून कळते, आणि त्याचा सिग्नल तुटला की ठिणगी आणि पेट्रोल दोन्ही एकदम थांबतात. सेन्सरमधल्या बारीक तारेला किंवा त्यातल्या इलेक्ट्रॉनिक भागाला तडा गेला, तर उष्णतेने तो तडा फाकतो आणि थंड झाल्यावर पुन्हा जुळतो. चालत्या गाडीत वारा लागत असतो. थांबल्यावर बॉनेटखालची उष्णता कोंडते, म्हणून दोष स्टेशनबाहेर प्रकट होतो. आयडलशी त्याचा संबंध एवढाच.

पुढच्या वेळी गाडी बंद पडली, की दोन गोष्टी पाहाव्यात. चावी फक्त ऑन करून मागच्या सीटजवळ कान द्यावा. पेट्रोलचा पंप दोन-एक सेकंद घूं असा आवाज करून थांबतो की नाही? नंतर स्टार्टर फिरवताना आरपीएमचा काटा किंचित तरी उचलतो का? पंप बोलतो आणि काटा शून्यावर मेल्यासारखा पडून राहतो, तर बहुतेक गाड्यांत दोष क्रँक सेन्सरचा किंवा त्याच्या तारेचा असतो. काटा उचलतो पण पंप गप्प आहे, तर पंपाचा रिले (त्याला वीज जोडणारा स्विच) आणि पंप पाहावा. स्कॅनरवर पी०३३५ निघाला तरी सेन्सर बदलण्याआधी त्याचा प्लग काढून आतल्या पिना पाहून घ्याव्यात. मालवणसारख्या ठिकाणी पिनांवर हिरवा गंज बसलेला असणे अगदी संभवनीय आहे, आणि तसे असेल तर नवा सेन्सरही चार महिन्यांत तीच तक्रार दाखवील.

प्रश्न : पेट्रोल वाचावे म्हणून मी फोंडा घाट उतरताना गाडी न्यूट्रलमध्ये टाकतो. गेल्या आठवड्यात एका वळणावर इंजिन बंद पडले. ब्रेक दगडासारखा कडक झाला होता, कशीबशी गाडी कडेला घेतली. आयडल थोडे वाढवून घेतल्यास हे टळेल का?
— एक वाचक, कणकवली तालुका

उत्तर : आयडल का पडते याचा तपास पहिल्या उत्तराप्रमाणे करावा, पण कृपा करून आजपासून घाटात न्यूट्रल टाकू नये. ब्रेकला जोर देणारा बूस्टर इंजिनाच्या व्हॅक्यूमवर (हवेच्या ओढीवर) चालतो. इंजिन बंद पडल्यावर त्यात साठलेला व्हॅक्यूम दोन-तीनदा ब्रेक दाबण्यापुरता असतो. नंतर ब्रेक लागतो, पण पायाचा सारा जोर लावून. स्टिअरिंगही जड होते. असे पुन्हा घडले तर ब्रेक सोडून-सोडून न दाबता एकदाच दाबून धरावा, खालचा गिअर टाकून क्लच सोडावा म्हणजे उतारावर चाकेच इंजिन फिरवू लागतील, आणि गाडी फिरत असताना चावी कधीही लॉकपर्यंत नेऊ नये, स्टिअरिंग अडकते.

यात पेट्रोलही वाचत नाही. इंजेक्शनच्या गाडीत गिअर असताना पाय पूर्ण काढला, की आरपीएम आयडलच्या बरेच वर असेपर्यंत ईसीएम इंजेक्टर बंद ठेवते. म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरणारे इंजिन त्या वेळी पेट्रोल पीत नाही. न्यूट्रलमध्ये मात्र त्याला स्वतःला चालू ठेवण्यासाठी पेट्रोल जाळावेच लागते. न्यूट्रलची सवय कार्ब्युरेटरच्या काळातून आलेली आहे, आणि घाटात ती त्या काळीही धोक्याचीच होती.

प्रश्न : आम्ही मुंबईला असतो, गाडी राजापूर तालुक्यातल्या गावी मांगरात उभी असते. शिमग्यानंतर थेट गणपतीला सुरू केली. सुरू झाली, पण आयडलला काटा आपोआप १,५०० पर्यंत चढतो, मग एकदम खाली पडतो, पुन्हा चढतो, आणि अशा दोन-तीन हेलकाव्यांनंतर इंजिन बंद पडते. ‘चेक इंजिन’चा दिवा लागला आहे. बॉनेटजवळ पेट्रोलचा वास येतो. पेट्रोल जुने झाल्यामुळे असे होते का?
— एक वाचक, सध्या मुंबई

उत्तर : पेट्रोलचा वास येत आहे तोपर्यंत गाडी सुरू करू नये. मांगरातला पेंढा आणि लाकूडफाटा दूर करावा, शक्य तर गाडी ढकलून अंगणात घ्यावी, मगच बॉनेट उघडून बॅटरीची निगेटिव्ह तार काढावी आणि उजेडात पाहावे.

मला उंदरांचा संशय आहे. पावसाळ्यात महिनोन्महिने न हललेल्या गाडीइतकी कोरडी जागा त्यांना गावात दुसरी मिळत नाही. अशा एका गाडीचा एअर फिल्टरचा डबा मी उघडला होता, तेव्हा फिल्टरवर बॉनेटच्या अस्तराचा पिंजलेला कापूस, नारळाचा काथ्या आणि पोखरलेल्या काजूच्या बिया यांचे नीट घरटे रचलेले होते. टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनाकडे नेणारी एक रबरी नळी बॉनेटखाली असते. ती कुरतडली गेली असेल, तर आपल्या दोन्ही तक्रारींचा उलगडा एकाच ठिकाणी होतो. एका बाजूने वाफेचा वास येतो, आणि दुसऱ्या बाजूने इंजिन न विचारता हवा ओढू लागते.

काट्याच्या हेलकाव्याचे कारणही तिथेच आहे. बऱ्याच लहान गाड्यांत ईसीएम इनटेकमधला (हवा आत येण्याच्या वाटेतला) दाब पाहून हवेचा अंदाज घेते. फुटक्या नळीतून आलेली हवाही त्या दाबात मोजली जाते, तिला पेट्रोलही मिळते आणि आयडल चढते. पाय काढलेला असताना फेरे एवढे का वाढले म्हणून ईसीएम पेट्रोल तोडते, काटा पडतो, पुन्हा पेट्रोल सुरू होते, पुन्हा चढतो. पहिल्या पत्रातल्या गाडीचा काटा नुसताच खाली बुडत होता, तो कधी वर चढला नव्हता. वाट बुजलेली असणे आणि वाट फुटलेली असणे, यांतला फरक काट्याच्या चालीवरून असा कळतो. ज्या गाड्यांत हवा मोजणारा सेन्सर फिल्टरजवळ असतो, त्यांत मात्र फुटक्या नळीतून आलेली हवा मोजलीच जात नाही. तिथे इंजिन पेट्रोलवाचून गचके खाते आणि पी०१७१ हा कोड बहुधा निघतो.

एकेक रबरी नळी मुळापासून टोकापर्यंत बोटांनी चाचपत जावे. दातांच्या खुणा पुष्कळदा खालच्या, न दिसणाऱ्या अंगाला असतात. पेट्रोलच्या दाबाच्या नळीवर खूण आढळली, तर टेप गुंडाळून वेळ मारून न नेता ती नळी नवीच घालावी. तारांचे आवरणही पाहावे. काहीच सापडले नाही, तर गॅरेजमध्ये स्मोक टेस्ट करून घ्यावी; इनटेकमध्ये धूर सोडतात आणि तो जिथून बाहेर येईल तिथे गळती असते. क्लीनर किंवा पेट्रोल फवारून गळती शोधण्याची पद्धत चालू इंजिनावर आगीला निमंत्रण देणारी आहे.

जुन्या पेट्रोलविषयीची आपली शंका अगदीच निराधार नाही. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल पाणी धरून ठेवते. एका मर्यादेपर्यंत ते पाणी पेट्रोलमध्ये मिसळून जळून जाते, पण मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल मिळून टाकीच्या तळाशी वेगळा थर धरतात, आणि पंप तळातूनच ओढतो. मेकॅनिककडून टाकीतले थोडे पेट्रोल पारदर्शक काचेच्या बाटलीत काढून घ्यावे आणि रात्रभर स्थिर ठेवावे. सकाळी तळाशी वेगळी रेघ दिसली तर टाकी रिकामी करून साफ करावी. रेघ नसेल तर पेट्रोल वापरता येईल.

परत मुंबईला निघताना टाकी भरून ठेवावी, म्हणजे ओल धरायला आत हवा कमी उरते. गाडी पेंढ्यापासून दूर उभी करावी, बॉनेट उघडे ठेवल्यास उजेडामुळे उंदीर कमी येतात, आणि कोणी घरचे गावात असेल तर त्यांना पंधरवड्यातून एकदा गाडी अर्धा तास चालवायला सांगावे. तशी सोय नसेल तर बॅटरीची निगेटिव्ह तार काढून ठेवावी; मात्र शिमग्याला तार पुन्हा जोडल्यावर गाडी आधी मांगरातून अंगणात घ्यावी, दिवे, पंखा, एसी बंद ठेवून इंजिन रेडिएटरचा पंखा लागेपर्यंत आयडलला चालू द्यावे आणि मगच ती रस्त्यावर काढावी.